मुलाणी मॅडमचे जंतू

मुलाणी मॅडम गेल्या त्या दिवशी कंपनीनं लॅबच्या ग्रुपवर श्रद्धांजली टाकली. पांढऱ्या फुलांचा फोटो, शेजारी पेटलेली मेणबत्ती आणि खाली ओळ : "शांत, मितभाषी आणि सर्वांना सांभाळून घेणाऱ्या शमीम मॅडम आपल्यातून निघून गेल्या." मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि खोलीत एकटीच मोठ्यानं हसले. शांत? मितभाषी? अहो, ज्या बाईचा आवाज दुसऱ्या मजल्यावरून खाली रक्त द्यायला बसलेल्या पेशंटांना ऐकू जायचा, ती मितभाषी? आणि सांभाळून तर त्यांनी जन्मात कुणाला घेतलं नाही. हे लिहिणाऱ्यानं मॅडमना पाहिलेलं नसणार. मग गप्प बसायचं ना, लिहायचं कशाला!

मी सुनंदा. मूळची लातूरकडची, लग्न होऊन चिंचवडला आले आणि या लॅबमध्ये लागले ती लागलेच. माझं काम हिस्टोपॅथॉलॉजीत. ऑपरेशनमध्ये काढलेले गाठीचे, आतड्याचे, गर्भपिशवीचे तुकडे आमच्याकडे येतात. ते मेणात बसवायचे, त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे आणि डॉक्टरांपुढे ठेवायचे. मॅडमचं खातं मायक्रोबायॉलॉजी, म्हणजे जिवंत जंतूंचं. माझ्याकडे तुकडा येतो तो नासू नये म्हणून फॉर्मॅलिनच्या औषधात बुडून, पार मेलेला. त्यांच्याकडे पू, लघवी, थुंकी जाते ती ताजी, त्यातले जीव जिवंत राहिले पाहिजेत म्हणून जपून. दोन खोल्यांच्या मध्ये एक भिंत होती आणि डबा खायचं टेबल एकच.

मॅडम मूळच्या तळेगावच्या बाजूच्या खेड्यातल्या. डॉक्टरांशी फोनवर बोलताना अगदी शुद्ध पुणेरी, एकही शब्द वाकडा नाही. पण राग आला, किंवा एखादा जंतू मनासारखा वाढला, की गावाकडची बोली सुटायची. जंतू वाढवायच्या काचेच्या ताटलीचं झाकण किलकिलं करून त्या सरळ नाकाशी धरायच्या. हे नियमात बसत नाही. भिंतीवर तशी पाटीच लावलेली होती आणि पाटी मॅडमनीच लावलेली होती.

"हा बघ सुडोमोनास. पिकल्या द्राक्षाचा वास येतोय का न्हाई?"

"मॅडम, पाटी!"

"पाटी तुमच्यासाठी हाय. माझं नाक गेलं तर गेलं, आता कुठं लग्नाला उभं ऱ्हायचंय."

जंतूंना त्या 'मुडदे' म्हणायच्या. चांगला-वाईट असा भेद नाही, सगळे मुडदेच. "रातीत वाढले मुडदे", "ह्या मुडद्याला साधं औषध चालत न्हाई, माजलाय." त्यात राग कमी आणि माया जास्त असायची. त्यांच्या नवऱ्याचं, इक्बालभाईंचं, निगडीला टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. गरीब गाय माणूस. ते म्हणायचे, "हमारे घर में मुझसे ज्यादा इज्जत जंतू की है." आणि मॅडम लगेच मराठीत म्हणायच्या, "त्ये वेळेवर वाढतात तरी."

दुसरं खूळ दातांचं. नवीन पोरगी लॅबला लागली की मॅडम पहिल्याच दिवशी तिला खिडकीपाशी उजेडात नेऊन तोंड उघडायला लावायच्या. "हिरड्यातनं रक्त येतं का? खोटं बोलू नको, दिसतंय मला." तोंड म्हणजे गावची वेस, जे काय आत शिरायचं ते तिथनंच शिरतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ह्याच बाई सकाळचं काम उरकलं की मागच्या जिन्यात जाऊन मिश्री लावायच्या! आईनं लावलेली सवय. सगळ्या लॅबला ठाऊक होतं, पण बोलायची छाती कुणाची? मी एकदा बोलले. म्हटलं, "मॅडम, भाषण आम्हाला आणि मिश्री तुम्हाला?" तर बोट न काढताच म्हणाल्या, "मी जंतू वळखते, मानसं सुधारत न्हाई. सोताला बी न्हाई."

लॅबमधली भांडणं सगळी मॅडमकडे. कुणाला कुठल्या हॉस्पिटलशी भांडायचं असलं की नंबर लावून फोन त्यांच्या हातात द्यायचा. एकदा पिंपरीच्या एका हॉस्पिटलातून माझ्याकडे गर्भाशयाचा तुकडा आला तो कोरडाच. फॉर्मॅलिनचा थेंब नाही. दोन दिवस शनिवार-रविवारचे, उन्हाळा, तुकडा नासून गेला. त्या बाईला कॅन्सर होता की नव्हता हे आता देवालाच माहीत. मी रडकुंडीला आले. मॅडमनी फोन मागितला आणि ऑपरेशन थिएटरच्या पांडूमामाला असा झापला, असा झापला की खाली रिसेप्शनवरची पोरगी वर बघायला आली. थिएटरमधल्या मदतनिसाला आमच्यात मामाच म्हणतात. "पांडूमामा, ध्यानात ठेवा. तुकडा म्हंजे फॉर्मॅलिन. तुकडा दिसला की आधी फॉर्मॅलिन, मग दुसरं काम. तुमच्या पोरीचा तुकडा असता तर असा धाडला असता का?" मामा पलीकडून नुसतं "व्हय मॅडम, चुकलं मॅडम" करत होता. त्यानंतर त्या हॉस्पिटलातून आलेली एकही बाटली अर्धी नव्हती. गळ्यापर्यंत भरलेली.

ऐकायला गंमत वाटते ना? थांबा.

त्याच सुमारास चाकणहून एक वर्कशॉपवाला आला. त्यांच्याकडे लोखंड कापायची मोठाली मशीनं. कापताना पातं तापू नये म्हणून त्यावर दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, त्याला कूलंट म्हणतात. तर त्या पाण्याला मेलेल्या उंदरासारखा वास सुटलेला आणि कामगारांच्या हातांना पुरळ. मालक म्हणे केमिकल खराब आलंय. मॅडमनी बाटलीतलं पाणी ताटलीवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ताटली नुसती भरून वाहतेय! त्यांना राहवेना. सुट्टी टाकून चाकणला गेल्या, मलाही ओढत नेलं. शेडमध्ये गेल्यावर मशीनखालच्या टाकीचं झाकण उघडायला लावलं. आत काय नाही? उरलेला चहा, चपातीचे तुकडे, गुटख्याच्या पिचकाऱ्या. रात्रपाळीचे लोक बाहेर जायला नको म्हणून तिथंच टाकत होते.

"मशीनच्या पोटात थुकता व्हय रं?" मॅडम ओरडल्या. "ऊब हाय, खायाला हाय, अंधार हाय, वर कुणी बघायला येत न्हाई. मुडद्यांना आनि काय पायजे? सासुरवाडी केली तुमी त्यांची!"

एक बिहारी पोरगा हसायला लागला, त्याला मराठी कळत नव्हतं तरी. शेवटी सगळेच हसले. येताना रिक्षात मॅडम गप्प होत्या आणि मॅडम गप्प म्हणजे काहीतरी शिजत असायचं. मोशीच्या पुढं आल्यावर म्हणाल्या, "सुनंदा, लोखंडाच्या टाकीत ऱ्हातात, तर मांसाच्या गाठीत का न्हाई ऱ्हायचे?"

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. बाहेरच्या देशांत आता असं दिसायला लागलंय की कॅन्सरच्या गाठीत जंतू राहतात. नुसते शेजारी नाही, काही तर गाठीच्या पेशींच्या आत घर करून. गंमत म्हणजे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मॅडम स्वतःच म्हणाल्या होत्या, "घाण असंल. हात धुतले नसतील ऑपरेशनवाल्यांनी." कारण आमच्या धंद्यात नियमच तो. जिथं जंतू नसायला हवा तिथं वाढला की आधी संशय स्वतःच्या हातांवर घ्यायचा. कंटॅमिनेशन म्हणायचं आणि ताटली फेकायची. जगभर लोकांनी वर्षानुवर्षं तेच केलं आणि मॅडमनीही केलं. पण मग त्या वाचत गेल्या. डबा खाताना एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात फोन.

"ऐक. मोठ्या आतड्याच्या गाठीत एक मुडदा सापडतोय. फ्यूझोबॅक्टेरियम. दोन्ही टोकांना निमुळता, सुईवानी. ह्येचं खरं घर कुठं म्हाईतेय? तोंडात. हिरड्यांत."

"मग तो तिथं कसा गेला?"

"रक्तातनं गेला असंल, गिळून गेला असंल. गाठ आधी का हा आधी, ते अजून नक्की न्हाई. पण एकदा शिरला की भाडेकरू गप बसत न्हाई. आपल्या शरीराचे शिपाई गाठीपर्यंत येऊ देत न्हाई. केमोला दाद देत न्हाई. दुसऱ्या गाठीतले काही तर केमोचं औषधच खाऊन टाकतात म्हनं. आनि गाठीचा तुकडा सुटून लिव्हरला गेला, तर त्याच्यासंगट ह्यो बी जातो. सामान घेऊन."

"म्हणजे जंतूचं औषध दिलं की कॅन्सर बरा?"

त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हातातला घास खाली ठेवला. "व्हॉट्सॲपवानी बोलू नको. उंदरांत जंतू मारला तर गाठ हळू वाढली. उंदरांत. मानसांत अजून बघतायत. शास्त्रात 'कदाचित' नावाचा शब्द असतो, तो गिळायचा न्हाई."

पुढच्याच वर्षी मॅडमना स्वतःला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला.

रक्त पडत होतं ते मूळव्याध समजून त्यांनी अंगावर काढलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याची काय गत केली असती! तुकडा तपासायला आमच्याच लॅबमध्ये आला, काप मीच काढले होते. त्या माझ्या खोलीत आल्या, काच उजेडाला धरली, काही दिसत नाही तरी धरली, आणि म्हणाल्या, "ऑपरेशन पिंपरीला करणार. डॉक्टरांना सांगून ठेवलंय. गाठीचे दोन तुकडे दोन बाटल्यांत. एक फॉर्मॅलिनमध्ये तुझ्याकडं. दुसरा माझ्या बाटलीत, जिवंत."

त्यांची बाटली म्हणजे शिजवलेल्या मांसाचं पाणी भरलेली. हा सुईसारखा जंतू हवेत मरतो, त्याला त्या मांसाच्या तळाशी दडायला जागा मिळते. मेलेला जंतू होता की नाही हे नुसत्या मेणातल्या तुकड्यावरूनही तपासता येतं. पण जिवंत हाती लागला तर कुठल्या औषधानं मरतो, केमोला कसा वागतो, हे विचारता येतं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञ बाईंशी मॅडमनी बोलून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, जिवंत पाठवा, आम्ही बघतो. "मला औषधासाठी न्हाई, माहितीसाठी पायजे," असं मॅडम सगळ्यांना सांगायच्या. माझा कधी विश्वास बसला नाही. मरणाच्या दारात बसलेली बाई माहितीसाठी एवढी धडपडत नाही हो.

ऑपरेशन झालं. दोन बाटल्या आल्या. दुसरी उघडली आणि नाकात तिखट वास घुसला. फॉर्मॅलिन. मांसाच्या पाण्यातही गळ्यापर्यंत फॉर्मॅलिन! मी तशीच फोनकडे धावले.

"व्हय ताई," पलीकडून पांडूमामा म्हणाला, आवाजात केवढा अभिमान! "मॅडमचा तुकडा म्हनल्यावर म्या सोता भरलं. एका बाटलीत कसलं तरी घान पानी व्हतं, त्यात नासला असता ना. दोन्हीत चांगलं भरभरून घातलं. मॅडमनीच शिकवलंय, तुकडा म्हंजे फॉर्मॅलिन."

मला त्याचा गळा दाबावासा वाटला. डॉक्टरांनी सांगितलेलं सिस्टरला, सिस्टरची ड्युटी बदलली, आणि राहिला मामा, मॅडमचा पढवलेला. मॅडमना शुद्ध आल्यावर मीच सांगितलं. वाटलं, नळी-बिळी उपटून उठतील. त्यांनी उलट नळीवरची चिकटपट्टी नीट दाबून बसवली. मग म्हणाल्या, "त्याला काय बोलू नका. त्यानं माझंच ऐकलं." आणि थोड्या वेळानं, "आयुष्यात येकानं ऐकलं माझं, त्यो बी ह्योच निघाला."

मामा फळं घेऊन भेटायला आला तेव्हा त्याला कुणी काही सांगितलं नाही. तो आजही समजतो की त्यानं मॅडमचा तुकडा वाचवला.

केमो झालं, केस गेले, मॅडम स्कार्फ बांधून कामावर आल्या आणि पहिल्याच दिवशी दोघींना झापलं. आम्हाला बरं वाटलं. पण वर्ष पुरतं सरायच्या आत गाठ लिव्हरमध्ये आली. सामान घेऊन आली असणार, असं त्याच म्हणाल्या. आता सुईनं लिव्हरचा बारीक तुकडा काढायचा होता. ह्या वेळी मी रजा टाकली आणि दाराबाहेर मांसाच्या पाण्याची नळी छातीशी धरून उभी राहिले. डॉक्टर भला माणूस, त्यानं रीतसर मॅडमची सही घेऊन सुतासारखा एक तुकडा थेट माझ्या नळीत सोडला. तिथून चिंचवडपर्यंत इक्बालभाईंच्या स्कूटरवर. मोरवाडीच्या सिग्नलला एका रिक्षावाल्यानं कट मारला तर ते गरीब माणूस आयुष्यात पहिल्यांदा शिवी बोललं.

आणि वाढले हो मुडदे! हवा काढून घेतलेल्या बरणीतून मॅडमनी ताटली काढली, झाकण किलकिलं केलं. मी लांबूनच नाक धरलं. त्यांनी रंगवलेली काच मायक्रोस्कोपखाली लावली आणि कितीतरी वेळ डोळा काढला नाही. "ये, बघ." मी बघितलं. गुलाबी बारीक सुया, दोन्ही टोकांना निमुळत्या, विखरून पडलेल्या.

"हात धुतलं व्हतंस ना?" त्यांनी विचारलं.

"मॅडम!"

"विचारायला लागतं. जगानं विचारायच्या आत आपण विचारायचं." पुन्हा ताटल्या केल्या, पुन्हा तेच आलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या लॅबला निगडीहून ढोकळा मागवला. खुर्चीवर बसल्या होत्या, डोळे पिवळे पडत चाललेले, आणि चेहरा असा की मुलगा पहिला आला असावा. आपल्याच मरणाची बातमी हाती लागली तर माणूस इतका खूश होतो हे मी तेव्हा पाहिलं. मला त्यांचा राग आला आणि हातातला ढोकळा मी तसाच ठेवून दिला.

त्यांनी ते कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे नेऊन ठेवलं. परत आल्या त्या सरळ डब्याच्या टेबलाशी बसल्या.

"काय म्हणाले?"

"म्हनाले, मॅडम, तुमचं खरं असंल. पण माणसांत अजून सिद्ध नाही. मी जंतूचं औषध दिलं, त्यानं आतड्यातले चांगले जंतू बी मेले, आनि केमोचं काय बिघडलं, तर मी कुनाला तोंड दाखवू? बरोबर बोलला. त्याच्या जागी मी असते तर हेच बोलले असते."

"मग रडताय कशाला?"

"बरोबर बोलला म्हणून."

मग पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "जरा घाई केली मी आजारी पडायची. धा-पंधरा वर्सं दम काढायला पायजे व्हता."

आता उरली ती संस्था. तिथं जंतू पोचला तर निदान त्याची चौकशी झाली असती, दुसऱ्या कुणाच्या तरी कामी आला असता. आणि तोंडानं कबूल केलं नाही तरी मॅडमच्या मनात होतं, की लवकर कळलं तर अजून आपल्याही. पण आमची लॅब तोवर विकली गेली होती. लॅबचे जुने मालक, आमचे सर, होते तेव्हा एका चिठ्ठीवर काम झालं असतं. आता बाहेरच्या मोठ्या कंपनीची साखळी, नवे मॅनेजर, गळ्यात पट्टा. संस्थेला जंतू द्यायचा तर करार पाहिजे, करार लीगलकडे जाणार, लीगल दुसऱ्या राज्यात. जंतू छोट्या नळ्यांत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवला. वर पट्टी चिकटवून मॅडमनी स्वतः लिहिलं, 'श. मुलाणी, लिव्हर'.

मी म्हटलं, "मॅडम, पर्समध्ये टाकून नेऊन देते. कोण बघतंय?"

"अजाबात न्हाई. चोरून दिलेल्या जंतूची साक्ष कोण मानणार? कागद होऊ दे."

कागद होईना. मॅडम अंथरुणाला खिळल्या, रावेतच्या फ्लॅटवरून रोज फोन. "सही झाली का?" मी मॅनेजरना विचारायची, "सर, सही?" ते म्हणायचे, "लीगलकडे आहे, फॉलोअप चालू आहे." त्या मॅनेजरना मी स्वतः फ्रीझरपाशी नेऊन नळ्या दाखवल्या होत्या. "ह्या मॅडमच्या. हात लावू देऊ नका कुणाला." त्यांनी मान डोलावली. "नोटेड."

मग तपासणीची टीम येणार म्हणून लॅब धुऊन-पुसून लख्ख करायचं फर्मान निघालं. मी दोन दिवस आईच्या वर्षश्राद्धाला लातूरला. परत आले तर डीप फ्रीझर नव्यासारखा चकचकीत. बारकोड नसलेलं सगळं काढून, नियमाप्रमाणे वाफेत मारून, कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेलं होतं. पिशवी गाडीत गेली होती. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते शांत होते. शांत, मितभाषी. म्हणाले, "मॅम, बारकोड नाही म्हणजे आपल्या सिस्टिममध्ये ते सॅम्पलच नाही. असं काही फेकलं, असं आपण म्हणूच शकत नाही." करारावर सही त्यानंतर आठवड्याभरात झाली. मेलसुद्धा आला, अभिनंदनाचा.

मेल आला त्याच दुपारी रावेतला गेले. रस्ताभर ठरवत होते, सांगायचं की नाही. मॅडमच्या घरी त्यांच्याशी खोटं बोलायचं म्हणजे कठीण. ज्या बाईनं जन्मभर जंतू वासावरून ओळखले तिला माझा चेहरा कळला नसता? इक्बालभाईंनी दार उघडलं, "आओ सुनंदाताई" म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. मॅडम खिडकीखाली पलंगावर, हळदीसारख्या पिवळ्या, अंगावर शाल, पोट फुगलेलं. बाकी सगळं आटलेलं.

"सही झाली?"

"झाली मॅडम."

"मग पोचवलंस?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. फ्रीझर, बारकोड, पिवळी पिशवी. बोलताना मला रडू आवरेना. मला वाटलं, आता शिवी येईल, ती हवीच होती मला. त्यांनी विचारलं,

"वाफेत मारले का तसेच टाकले?"

"मारले."

"पुरा येळ ठेवलं व्हतं?"

"हो मॅडम. मी विचारलं. पूर्ण वेळ."

"मग मेले." त्यांनी मान हलवली, पास झालेल्या पोरीला शाबासकी द्यावी तशी. "चांगलं काम केलं पोरींनी. न्हाईतर निम्म्यात काढतात."

त्यांनी हात शालीखालून काढला आणि उजव्या बरगडीखाली, लिव्हरवर ठेवला. हळूच, थोपटल्यासारखा.

"फ्रीझरातले समदे मेले बघ, सुनंदा. कुनाची सही न्हाई, कुनाचा कागद न्हाई, येका दिवसात. आनि ह्ये..." बोटं तिथंच दाबून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ह्ये मातूर मजेत हायत."

आणि त्या हसायला लागल्या. पूर्वीसारख्या, खणखणीत, खाली रस्त्यापर्यंत जाईल असं. हसता हसता कळ आली तरी थांबेनात.

इक्बालभाई चहाचा ट्रे तसाच हातात घेऊन धावत बाहेर आले. बिचाऱ्याचा चेहरा उजळून निघाला होता.

"अरे वा! बरं वाटतंय आज हिला," ते मला म्हणाले. "कितने दिन बाद हसली! काय सांगितलंत ताई? रोज येत जा."